गव्हाणीमागचा पडदा कोणी रंगवायचा?

नागपुरात बर्फ पडतो तो फक्त फ्लेक्सवर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथल्या सदर भागातून एक चक्कर मारून बघा. हवेत गारठा असतो, रात्री चौकात शेकोटी करून बसलेले रिक्षावाले दिसतात, एखाद्या वर्षी अवकाळी गाराही पडतात. बर्फ मात्र नाही. तरी फाटकावरच्या फ्लेक्सवर उंच टोकदार झाडं बर्फाच्या भाराने वाकलेली असतात, गोठ्याच्या छपरावर बर्फाची गादी असते, आणि आत मरिया बसलेली असते. गोरीपान, सोनेरी केसांची, इतक्या पातळ झग्यात की त्या थंडीत या बाळंतिणीचं काय होणार याची कोणाही बाईला काळजी वाटावी. हे चित्र कोणाचं, विचारा. कोणालाच माहीत नसतं. ते कोणी काढलेलं नसतंच, मोबाइलवर उतरवून छापखान्यात पाठवलेलं असतं.

मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. त्याआधी, कॉलेजात असताना, इंदोऱ्यातल्या एका पेंटरच्या हाताखाली पाच वर्षं काम केलं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, निवडणुकीच्या भिंती, आणि डिसेंबर लागला की नाताळच्या गव्हाणीमागे लावायचे पडदे. आम्ही ख्रिस्ती, पेंटरकाका बौद्ध. ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या गर्दीसाठी बाबासाहेबांची चित्रं काढून हात मोकळा झाला की ते माझ्याकडे बघून म्हणायचे, “चाल बाबू, आता तुह्या येशूचं पाहू.”

तेव्हापासून मनात असलेली गोष्ट आज मांडतो आहे. ख्रिस्तजन्माचा देखावा ज्या वस्तीत मांडायचा, तो त्या वस्तीतल्या हाताने रंगवलेला असावा. त्या हाताला रीतसर पैसे मिळावेत. आणि चित्रात कोण असावं, कसं असावं, यावरचं भांडण वस्तीने स्वतः भांडावं. छापखान्यातल्या पोराने ‘हे घ्या, छान आहे’ म्हणून ते मिटवू नये. हा प्रश्न चर्चच्या आवारातला आहे असं समजून बाकीच्यांनी पान उलटू नये. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती शंभरात एकही भरले नाहीत, ०.९६ टक्के. एवढ्याशा समाजाच्या जिवावर पेंटर जगत नाही. तो गणपती रंगवतो, दुर्गा रंगवतो, बाबासाहेब रंगवतो, मोहरमचं काम करतो आणि मध्ये आमचा गोठा करतो. त्यातलं एक काम सुटलं की त्याचं वर्ष बिघडतं.

मराठी भाषेने तिच्या वाट्याचं काम कधीच करून ठेवलंय, ही यातली खरी गंमत. लूकच्या शुभवर्तमानातलं ते वाक्य मराठीत कसं आलं बघा. मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं. बाळंतं! जुन्या लुगड्याचा, शंभर धुण्यांनी मऊ झालेला तुकडा. या एका शब्दाबरोबर बाळंतिणीची अंधारी खोली, शेकशेगडी आणि ओव्याची धुरी बेथलेहेमात जाऊन पोचते. आणि गव्हाण म्हटलं की विदर्भात वाढलेल्या माणसाच्या नाकात कुटाराचा आणि सरकीच्या ढेपेचा वास येतो. ज्या कोणी हे शब्द निवडले त्यांनी चित्र काढूनच ठेवलं होतं, रंग भरायचे राहिले.

त्याच्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण गोव्यात छापलं गेलं. इंग्लंडात जन्मलेला माणूस, पण येशूची गोष्ट सांगायला त्याने ओवी घेतली. नारायण वामन टिळक तर आमच्या गावाशी बांधलेले. ते इथे काही काळ राहिले होते, आणि इथून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जे लिहिलं ते अभंग, भजन, कीर्तन. आमच्याकडे त्यांची भजनं अजून पेटी-तबल्यावर म्हटली जातात. माणसं डोळे मिटून म्हणतात तोवर सगळं ठीक असतं. डोळे उघडले की समोर तो फ्लेक्स. कानाला मराठी आणि डोळ्याला आल्प्स, असा आमचा नाताळ.

त्या बर्फावर माझा राग नाही, हेही सांगून टाकतो. तो बर्फ जिथला होता तिथे खरा होता. फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा, चित्रकार पीटर ब्रूगेल याने १५६६ साली बेथलेहेमची शिरगणती रंगवली. लूकची गोष्ट सरकारी हुकमापासून सुरू होते हे आपण विसरतो: कैसर औगुस्ताचं फर्मान निघालं, सगळ्यांनी आपापल्या गावी जाऊन नाव नोंदवा, म्हणून दिवस भरलेल्या बाईला घेऊन योसेफ निघाला. ब्रूगेलने हे सगळं उचलून स्वतःच्या गावात आणलं. गोठलेलं तळं, बर्फात खेळणारी पोरं, एका बाजूला डुक्कर कापताहेत, सरायीच्या खिडकीशी पैसे भरायला आणि नाव लिहायला रेटारेटी. गाढवावर बसलेली निळ्या वस्त्रातली मरिया त्या गर्दीत शोधावी लागते. पुढे चाललेल्या योसेफाच्या खांद्यावर सुताराची करवत आहे, तेवढीच खूण. त्या काळी त्या मुलखावर स्पेनच्या राजाची सत्ता होती. परक्या राजाचं करवसुलीचं टेबल म्हणजे काय, हे चित्र बघणाऱ्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. आपण त्या परंपरेतून घेतलं काय? बर्फ! करवसुलीचं टेबल तिथेच राहिलं.

“बायबलात आहे तसंच काढा,” असं सांगणारे प्रत्येक समितीत एक-दोघे असतातच. त्यांना मी आता नम्रपणे विचारतो, बैल कुठे आहे? शुभवर्तमानात जन्माच्या वेळी बैल नाही आणि गाढवही नाही. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपलं ठाण, या यशयाच्या ओळीवरून ते दोघे नंतर येऊन उभे राहिले. बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, तीन होते असं मत्तयाने कुठे लिहिलंय? भेटी तीन होत्या, त्यावरून माणसं मोजली. मरिया गुडघे टेकून बसलीय आणि प्रकाश बाळाच्याच अंगातून येतोय, हे चौदाव्या शतकात स्वीडनच्या ब्रिजिटला झालेल्या दर्शनानंतर रुळलं. आणि देखावा मांडण्याची चाल पसरली तीही संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात जिवंत बैल-गाढव उभे केले त्यानंतर. दर पिढीने या गोठ्यात काही ना काही आणून ठेवलंय. आपण मात्र आलेलं सामान जपतोय.

नाव घ्यावं असा एक माणूस आपल्याच मुलखात होऊन गेला, आणि त्याचं नाव आमच्या शंभर ख्रिस्ती घरांत विचारलं तर पाच घरांत तरी माहीत असेल की नाही, मला शंका आहे. आंजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, गोव्यातल्या सांतो इस्तेव्ह गावात. मुंबईला जे. जे. मध्ये शिकायला गेला. तिथली साहेबी पद्धतीची शिकवण पटेना, म्हणून थेट शांतिनिकेतन गाठलं, नंदलाल बोसांच्या हाताखाली. जे जे चित्रकार तिथून बाहेर पडले त्यांनी बुद्ध काढला, राधा काढली, संथाळ बायका काढल्या. फोन्सेका गोव्याला परतला आणि त्याने मरिया काढली. साडीतली, सावळी, इथल्या बायांसारखी जमिनीवर बसलेली. गोव्यात गहजब झाला. आमची माउली ही नव्हे, असं त्याच्याच धर्माच्या, त्याच्याच गावच्या लोकांनी सांगितलं. पोर्तुगीज राज्यात साडी ही बाटण्याआधीची खूण, ती पुन्हा देवमातेच्या अंगावर कशी चालेल?

तो पुण्याला आला. शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम होता. तो अँग्लिकन पंथाचा, हा कॅथलिक. तिथे राहून त्याने आयुष्यभर हेच काम केलं. जलरंगात काढलेली शांत चित्रं, पातळ रंग, फार बोलत नाहीत. जन्म, इजिप्तला पलायन, मायलेकरं, पुन्हा मायलेकरं. १९६७ साली तो गेला. त्याच्या हयातीत त्याला नाकारणाऱ्या गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये, त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आज आहे. म्हणजे चित्रं घरी परत गेली. मात्र आश्रम परक्या पंथाचा नसता तर या माणसाने पोट कसं भरलं असतं, हा प्रश्न मला त्या संग्रहाच्या कौतुकापेक्षा जास्त छळतो. आपल्याकडे धार्मिक चित्रकाराला आसरा मिळतो तो बहुतेक वेळा चुकून.

मी विशीत असताना एका मासिकात त्याची दोन-तीन चित्रं पाहिली आणि पेटलो. त्या डिसेंबरात पेंटरकाकांना म्हटलं, या वर्षी पडदा मी करतो. मांजरपाट आणला, सरस आणि खडूचा हात दिला, चौकोन आखले, आणि मरिया काढली. काठपदराची साडी, नाकात नथ, केसांत खोपा, शेजारी तेवती समई, पायाशी कमळ. एकदम भारतीय! समितीला तर फारच आवडली. कोणीतरी म्हणालं, राजघराण्यातली वाटते. मी हवेत.

आजीला मुद्दाम दाखवायला नेलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “हे त पाटलाची सून दिसते. हिच्या गोठ्यात आपल्याले कोन येऊ देईन?”

हा आक्षेप मी त्यानंतर कितीतरी पुस्तकांत पाहिला, पण इतक्या कमी शब्दांत कुठेच नाही. ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मल यांनी १९८०च्या दशकात दलित ईशज्ञान मांडलं, त्याचा रोख हाच होता: भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून जे चाललंय ते वरच्या जातींच्या वेद-वेदान्ताशी केलेलं संभाषण आहे, आणि चर्चमध्ये बसलेली बहुसंख्य माणसं त्यात नाहीतच. चित्रांचंही तसंच झालं. ‘भारतीय’ करायला निघालेल्या ब्रशाने समई उचलली, कमळ उचललं, पद्मासन उचललं. माझ्या आजीच्या घरात समई कधीच नव्हती. चिमणी होती, रॉकेलची. आणि तिच्या भिंतीवर जो येशू होता तो जर्मन धाटणीचा, पिंगट दाढीचा, कॅलेंडरवरचा. मी तिला एकदा शहाणपण शिकवायला गेलो की हा परका आहे, गोरा आहे. ती म्हणाली, होऊ दे गोरा. याची जात कोणी विचारत नाही.

यावर नागपूरच्या माणसाने तरी हसू नये. इथे घराघरांत बाबासाहेब निळ्या सुटात आहेत, टाय आहे, खिशाला पेन आहे, हातात ग्रंथ आहे. त्यांना धोतर नेसवून ‘आपल्या मातीतले’ करा, असं सुचवून पाहा एखाद्या वस्तीत! कपडा कोणी नाकारला होता आणि कोणी मिळवला, याची आठवण त्या सुटात आहे. तशीच काहीशी आठवण आजीच्या गोऱ्या येशूत होती. म्हणून जेव्हा एखादा कलासमीक्षक आमच्या लोकांच्या ‘परकीय अभिरुची’वर नाक मुरडतो तेव्हा मला त्याच्या नाकाचीच जात विचारावीशी वाटते. (माफ करा, शिक्षकाची जीभ.)

मग फ्लेक्सवरचा गोरा येशूच बरा, असं का नाही म्हणायचं? आजीचा मान राखून मी तसं म्हणत नाही. कॅलेंडरवरचा येशू आजीने निवडला होता, त्याच्याशी ती रोज बोलत होती. फ्लेक्सवरचा कोणीच निवडलेला नाही. दुसरं असं की आजीने माझं चित्र नाकारलं ते साडीमुळे नाहीच. साडी कोणाची, यामुळे नाकारलं. तिला विचारून काढलं असतं तर तिने कोणती साडी सांगितली असती?

इथे एक निळीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरोपातल्या चित्रांत मरियेचा झगा निळा असतो, कारण तो निळा महाग होता. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून लाजवर्दी दगड निघायचा, समुद्रापार जायचा, कुटून त्याचा रंग व्हायचा. चित्र करून घेणारे श्रीमंत करारातच लिहून घेत की निळा अमुक प्रतीचाच वापरायचा. देवमातेला सगळ्यात महाग कपडा, एवढा साधा हिशेब. पुढे फ्रान्समध्ये हा रंग कारखान्यात बनवणाऱ्यासाठी बक्षीस लागलं, आणि १८२८ साली ते गिमे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला मिळालं. त्यानंतर तो रंग इतका स्वस्त झाला की धोब्याच्या टोपलीत आला. आपण पांढऱ्या कपड्यांना देतो ती नीळ म्हणजे तोच.

पेंटरकाका डबीतला महागडा निळा क्वचितच वापरायचे. किराणा दुकानातून निळीच्या पुड्या आणायचे, सरसात कालवायचे आणि पडद्यावरचं आभाळ एका दमात भरायचे. मी पहिल्या वर्षी रात्र दाखवायला काळा रंग घेतला तर हातातला ब्रश काढून घेतला. “रात कायी नसते बाबू, नियी असते.” त्याच निळीत थोडा काळा टाकून ऑक्टोबरात त्यांनी बाबासाहेबांचा कोट भरलेला असायचा, आणि उरलेली पुडी मरियेच्या पदराला. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही, पुडी उरली होती म्हणून वापरली. आज वाटतं, एवढ्या वर्षांत बाबासाहेब आणि मरिया यांना एका रंगात पाहिलेला माणूस तो एकच असेल.

तर साडी कोणती, हा प्रश्न. त्याचं उत्तर मी शोधायला गेलो नव्हतो, ते डिसेंबरातल्या नागपूरनेच समोर ठेवलं. नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं, ते हिवाळी. त्या दिवसांत सीताबर्डी, मॉरिस कॉलेजचा परिसर, टेकडी रस्ता मोर्च्यांनी भरलेला असतो. अंगणवाडीच्या बाया, विनाअनुदानित शाळांचे मास्तर, धरणग्रस्त. मंडपात सतरंजीवर पोरं झोपवलेली, बायका गोधडीत गुरफटलेल्या. हे सगळे सरकारी यादीत आपलं नाव यावं म्हणून लांबून आलेले आणि गावात ज्यांना राहायला जागा नाही असे लोक. लूकचा दुसरा अध्याय वेगळा काय सांगतो?

आणि मेंढपाळ. रात्री रानात कळप राखणारे, ज्यांना सगळ्यात आधी बातमी कळली ते. आमच्या पडद्यांवर ते नेहमी उंच काठी घेतलेले, डोक्याला पट्टा बांधलेले अरबी दिसायचे. पूर्व विदर्भात गुरं राखणारे लोक आहेत ते गोवारी. दिवाळीत गायगोधनाला ढाली नाचवणारे, वर्षभर गावाची गुरं रानात नेणारे. २३ नोव्हेंबर १९९४ या दिवशी अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी त्यांचा मोर्चा अधिवेशनावर आला होता. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं मेली. त्यांत बायका आणि लेकरं फार. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, आपण त्याच्यावरून उड्डाणपुलाने जातो. यादीत ‘गोंड गोवारी’ असं छापलंय, त्यात आपण येतो की नाही, हा त्यांचा झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२० साली निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. म्हणजे नाव अजून नोंदवायचंच आहे.

ज्या गावाजवळ हे आहे, तिथल्या ख्रिस्तजन्माच्या चित्रात अरबी मेंढपाळ आणि स्वित्झर्लंडचं छप्पर असावं? ब्रूगेल नागपुरात जन्मला असता तर त्याने काय काढलं असतं, मला अंदाज आहे. तुराट्यांची भिंत, तट्ट्यावर टाकलेली ताडपत्री, तणस पसरलेली, तीन दगडांची चूल, आणि रोजीवर जाणाऱ्या बाईची सुती साडी, ओचा खोचलेला, काठ विटलेले. आजीची. रंग निळा.

असं एक चित्र मी चाळिशीत काढलंही. ते एका चर्चच्या समितीने परत पाठवलं. निरोप आला, मरिया मोलकरीण वाटते. निरोप आणणारा भला माणूस होता, त्याची स्वतःची आई धुणीभांडी करून त्याला शिकवणारी, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. दोघंही त्यावर काही बोललो नाही. चहा घेतला. चित्र अजून माझ्याकडे आहे, माळ्यावर, गुंडाळून. त्या दिवशी मी रागावलो होतो, आता तितका नाही. समितीला आवडलं नाही, ठीक; त्यांनी वाद घालायला मला बोलवायला हवं होतं. आजीने जसा तोंडावर घातला तसा.

बाहेरचा एक आक्षेपही हल्ली ऐकू येतो: मरियेला साडी नेसवता म्हणजे भुलवण्याचा डाव आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. तेव्हापासून धरलं तरी आमच्या किती पिढ्या इथे साडी नेसून जगल्या आणि मेल्या. मरियेला झगा घातला तर आम्ही परके, साडी नेसवली तर डाव. तिने नेसावं तरी काय? या आक्षेपावर याहून जास्त शाई खर्च करायची माझी तयारी नाही.

पैशांचं मात्र बोललंच पाहिजे, कारण सगळं तिथेच अडतं. फ्लेक्स दोन तासांत मिळतो आणि चौरस फुटाच्या हिशेबाने स्वस्त पडतो. हाताने रंगवलेल्या पडद्याला आठवडा लागतो. पण तो पडदा नीट गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवला तर दहा वर्षं टिकतो. आम्ही १९७९ साली केलेला एक पडदा मी नव्वदच्या दशकात वापरात पाहिला आहे. फ्लेक्स जानेवारीत टपरीवर ताडपत्री म्हणून जातो आणि पावसाळ्यात नाल्यात. दहा वर्षांचा हिशेब मांडला तर स्वस्त काय ते कळेल, पण समित्या वर्षाला बदलतात.

आणि तो शब्द: सेवा. “सेवा म्हणून करून द्या.” मंडपवाल्याला कोणी सेवा म्हणत नाही, लाइटवाल्याला नाही, केक करणाऱ्या बेकरीला तर अजिबातच नाही. पेंटरकाका बौद्ध असल्याने त्यांना सेवा सांगायला लोक लाजायचे, म्हणून त्यांना पैसे मिळायचे. मी आपल्यातला, म्हणून मला चहा-बिस्किट. ही चेष्टा नाही. आपल्या धर्माची चित्रं आपल्यातल्या पोरांनी का काढावीत, असं आज चित्रकला महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या ख्रिस्ती मुलांना विचारलं तर ती काय सांगतील? ती मुंबईला जाहिरातीत जातात, शहाणी असतात. महाविद्यालयंही काही कमी नाहीत. तिथे ‘धार्मिक चित्र’ म्हटलं की मास्तर लोकांच्या चेहऱ्यावर बाजारात काहीतरी सांडल्यासारखा भाव येतो. इटलीचा जुना धार्मिक चित्रकार फ्रा आंजेलिको परीक्षेत चालतो, सदरचा पडदा चालत नाही.

माझी मागणी लहान आहे. ज्या चर्चच्या, शाळेच्या, मंडळाच्या नाताळच्या खर्चात रोषणाईची ओळ असते, तिथे चित्रकाराची एक ओळ टाका. पडद्याच्या कोपऱ्यात त्याला नाव लिहू द्या. पेंटरकाकांनी इतकी वर्षं पडदे केले आणि एकावरही सही नाही, कारण देवाच्या चित्रावर नाव कसं टाकायचं असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. चित्र सुरू करण्याआधी एक रविवार वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांसमोर कच्चं रेखाटन ठेवा. चितारओळीतले कारागीर मातीत हात घालून वर्षभर देव घडवतात, मारबतीच्या मिरवणुकीत आपलं गाव दर वर्षी ताज्या घडामोडींचे बडगे, म्हणजे पुतळे, करून नाचवतं. चित्राशी भांडायची सवय या शहराला नवी नाही. नाताळलाच तेवढं सभ्य राहायची काय गरज?

या वर्षी एका वस्तीतल्या पोरांनी मला विचारलं. बारा बाय आठचा पडदा. मी दर सांगितला, त्यांनी घासाघीस केली, जमलं. रेखाटन घेऊन मागच्या रविवारी बसलो. साडीवर कोणाची हरकत नव्हती. तणस, चूल, ताडपत्री सगळं चाललं. अडलं ते एका गोवाऱ्याच्या हातातल्या फलकावर. मोर्च्यातून सरळ गोठ्यात आलेला माणूस, त्याच्या हातात फलक असणारच, असं मी म्हणत होतो. एक काका म्हणाले, नाताळच्या दिवशी मोर्चा नको. एक मुलगी म्हणाली, फलक असू द्या, पण त्यावर लिहायचं काय ते त्यांच्यातल्याच कोणाला विचारा, तुम्ही ठरवू नका. आजी आठवली. ती मुलगी म्हणते ते करायचं ठरलं आहे, तिच्या ओळखीचं एक घर कळमेश्वरकडे आहे. तोवर मांजरपाट दोनदा धुऊन गच्चीवर वाळत घातला आहे. नव्या कापडातली खळ निघाल्याशिवाय रंग धरत नाही.